परतीची तारीख सांगा

प्रबोधिनी एकादशी झाली, चातुर्मास संपला, की ओंकारेश्वराच्या घाटावर नर्मदा परिक्रमेचे संकल्प सुटू लागतात. आणि त्याच्या आधी पंधरा दिवस आपल्याकडे निरोप समारंभांना ऊत येतो. शाल, श्रीफळ, पेढे, दोन भाषणे मराठीतून, एक कानडीतून. जाणारे गृहस्थ पन्नाशीच्या आतबाहेरचे. बँकेत, शाळेत, विमा कचेरीत बरी नोकरी असलेले. हल्ली त्यांतले काहीजण ‘परिक्रमा करून येतो’ असे म्हणत नाहीत. ‘मैया नेईल तिकडे जायचे, तिथून पुढे हिमालय, साधना कुठवर नेईल सांगता येत नाही, केव्हा परतेन तेही सांगता येत नाही’, असे म्हणतात. आणि नेमक्या या शेवटच्या वाक्याला सभागृहात टाळ्या पडतात. माझे भांडण आहे ते त्या टाळ्यांशी.

परिक्रमेशी माझे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्रे लिहिणाऱ्यांचे श्रम वाचतील. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे, पात्र ओलांडायचे नाही, गाठीला पैसा ठेवायचा नाही, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचे, पावसाळ्यात एका जागी थांबायचे. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. म्हणजे दोन्ही तीरांनी अडीच हजारांहून अधिक किलोमीटरांची पायपीट. ती करणाऱ्याच्या पायांना मी नमस्कारच करीन. पण या परिक्रमेचा रूढ काळ किती सांगितला आहे? तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस. वाचकहो, त्या तेरा दिवसांकडे जरा पाहा. ज्या परंपरेने वरचे तेरा दिवससुद्धा मोजून ठेवले, तिच्या नावाने ‘केव्हा परतेन सांगता येत नाही’ असे म्हणायचे, याला मी परंपरा म्हणत नाही. शिवाय जिथून उचलली तिथेच परिक्रमा पुरी करावी लागते. न परतणे हे त्या व्रतात बसतच नाही.

आपल्या जिल्ह्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. चिकोडी भागातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे दरवर्षी आळंदीला निघतात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली माउलींच्या पालखीचा सोहळा आजच्या रूपात आणला, तेव्हापासून अंकलीचा हा मान आहे. घोडे ठरल्या दिवशी निघतात, ठरल्या दिवशी आळंदीला पोचतात, रिंगणात धावतात आणि पुन्हा घरी येतात. वारी या शब्दातच येणे आणि जाणे दोन्ही आहे. पंढरपूरहून माउलींच्या पादुका परत आळंदीला नेतात, त्या परतवारीला किती माणसे असतात? जाताना लाखो, येताना मूठभर. बाकीचे यष्टीने घरी जातात, कारण पेरणी खोळंबलेली असते, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. शेत सोडून पंढरपुरातच राहिलेल्या माणसाला आपल्या संतांनी मोठा भक्त म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

सोडमुंजीत बटू छत्री नि काठी घेऊन काशीला निघतो, मामा त्याला अडवतो आणि आपली मुलगी देऊ करून परत बोलावतो. आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या लग्नात नवरदेवच काशीयात्रेला निघतो आणि सासरची मंडळी त्याला समजावून मांडवात आणतात. आपण हसतो, फोटो काढतो. पण त्या विधीचा अर्थ इतका सरळ आहे की सातवीच्या मुलालाही समजावा: जायचे असेल तर आत्ता जा. मांडवात परत आलास, की मग हिशेब वेगळा.

विठ्ठलपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; पण ऐकताना आपले लक्ष ज्ञानदेवांकडे असते, रुक्मिणीबाईंकडे नसते. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी, की विठ्ठलपंतांच्या मनाने संन्यास घेतला होता, पण पत्नीची संमती हवी होती. ती पुरती सावध नसताना त्यांनी विचारले, तिच्या तोंडून होकार निघून गेला, आणि ते काशीला गेले. पुढे गुरूंना कळले की शिष्याची बायको आळंदीत आहे. तेव्हा गुरूंनी काय केले? निरोप समारंभ केला नाही. त्यांनी शिष्याला घरी परत पाठवले. त्यानंतर समाजाने त्या कुटुंबाचे जे केले ते अमानुषच होते, त्याची सफाई कोणी देऊ नये. मला बोलायचे आहे ते त्या अर्धवट होकाराविषयी. सातशे वर्षे झाली, तरी तो होकार अजून चालतोच आहे.

आमच्याच गावातले एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी असे निघाले. नाव सांगणार नाही. त्यांची मुलगी आमच्या शाळेत दहावीला होती. परीक्षेचे अर्ज भरायचे होते, उत्पन्नाचा दाखला हवा होता, घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या होत्या आणि बँकेला काही कागदांवर पुन्हा दोघांच्याच सह्या हव्या होत्या. त्या वहिनी माझ्यासमोर बसल्या होत्या. मी विचारले, ‘जाताना त्यांनी तुम्हांला विचारले होते ना?’ त्या म्हणाल्या, ‘विचारलं होतं की सर. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. हूं म्हटलं असेन.’ शेजारी मुलगी अर्ज भरत होती. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीपाशी थांबून तिने मला विचारले, ‘सर, इथं काय लिहू?’ तीस वर्षे मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. मी तिला ती जागा सध्या रिकामी ठेवायला सांगितले. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, आणि ती रोज संध्याकाळी मुलगा आला का म्हणून विचारते, असे वहिनी जाता जाता बोलून गेल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच मला जास्त झोंबले. त्या गृहस्थांचा फोटो मात्र अधूनमधून मोबाईलवर येतो, कोणत्यातरी घाटावरचा, खाली शंभर नमस्कार.

कोणी म्हणेल, हेडमास्तर मायेत अडकले आहेत. असतीलही. पण कौटिल्य काही मायेत अडकलेला भाबडा माणूस नव्हता. त्याने अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात, बायकामुलांची तजवीज न करता प्रव्रज्या घेणाऱ्याला दंड सांगितला आहे. दंड! आपण शाल देतो. मनूनेही वनाची वाट दाखवली ती सुरकुत्या पडल्यावर, नातवाचे तोंड पाहिल्यावर आणि तिन्ही ऋणे फेडल्यावर. आणि मनूचा मी काही पक्षपाती नाही, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. घराच्या कर्जाचे हप्ते राहिले असताना कोणते ऋण फिटले म्हणायचे?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते, आणि ते टाळता येण्यासारखे नाही. गाडगेबाबा गेलेच ना? होय, गेले. १९०५ साली घर सोडले, मागे बायकामुले होती, आणि त्या माणसांचे फार हाल झाले. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. बाबांनी स्वतः कधी मोठेपणाचा आव आणला नाही. पण ते हातात खराटा घेऊन गेले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग कीर्तन. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या आणि त्या धर्मशाळांत आपल्या माणसांना जहागीर दिली नाही. ते ‘स्वतःची साधना खोल करायला’ निघाले नव्हते. त्यांचे नाव घेणाऱ्या आमच्या साधकांच्या पिशवीत मला खराटा दिसत नाही, चार्जर दिसतो.

आणि ज्यांच्या सदावर्तावर ही भ्रमंती चालते त्यांचे काय? निमाडातली, झाडीतली ती माणसे स्वतः अर्धपोटी राहून परिक्रमावासीयाला पीठ-डाळ देतात. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर झाली, २०१७ साली दरवाजे बंद झाले, शूलपाणीचे जुने मंदिर आणि काठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. परतलेल्यांची मी सात-आठ तरी व्याख्याने ऐकली असतील. मैयाने कुमारिकेच्या रूपात दर्शन दिल्याचे प्रत्येकात होते. ज्या घराने भाकरी दिली त्या घराला पुनर्वसनाची जमीन मिळाली की नाही, हे एकाही वक्त्याने विचारलेले नव्हते. भारती ठाकूर यांचे उदाहरण म्हणूनच मला मोठे वाटते. त्यांनी परिक्रमा केली, पुस्तक लिहिले, आणि पुढे त्याच नदीच्या काठी लेपा या गावी मुलांच्या शाळेचे काम उभे केले. मी शाळामास्तर, तेव्हा हा माझा पक्षपात समजा.

आणखी एक. हीच घोषणा एखाद्या बाईने केली असती तर? सासू अंथरुणाला, मुलगी दहावीला, आणि बाई म्हणाली असती, मी साधनेला निघाले, केव्हा परतेन सांगता येत नाही. शाल कोणी आणली असती?

आमच्या कचेरीतल्या रजेच्या अर्जात दोन रकाने असतात, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. दुसरा रकाना भरल्याशिवाय मी शिपायाचीही रजा मंजूर करीत नाही. यंदा कार्तिकात निघणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या निरोप समारंभाचे अध्यक्षपद मला देऊ केले आहे. मी संयोजकांना लेखी कळवले आहे, की घरखर्चाची व्यवस्था कोणत्या खात्यावर केली आहे, आईला दवाखान्यात कोण नेणार, आणि परतीची तारीख कोणती, एवढे त्यांनी आपल्या पत्नीसमोर बसून, कुकर बंद असताना, कागदावर लिहावे आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. मग मी येतो, शालही माझ्या खर्चाने आणतो. अजून उत्तर आलेले नाही. कार्यक्रम एकादशीच्या आदल्या दिवशी आहे.