अश्वत्थामा आणि सबटायटल्स

गेल्या अंकात बर्फ काढायच्या मशिनचं पुराण लावलं होतं. या वेळी विषय त्याच हिवाळ्यातला, पण घरातला. ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका. त्यांना ‘कार्टून’ म्हणायची सोय नाही. आमच्या १४ वर्षांच्या कन्येची तशी सक्त ताकीद आहे.

तसं बघितलं तर आपल्या पिढीला हा प्रकार नवीन नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं, ते आठवतंय ना? गुलजारांचं शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ती मालिका मुळात जपानमध्ये, ‘निप्पॉन ॲनिमेशन’नं १९८९ साली केलेली, हे मला अमेरिकेत येऊन एम.एस. झाल्यावर कधीतरी कळलं. आपला मोगली आधी जपानी बोलत होता!

यंदा तीन मालिका बघून झाल्या. पहिली मी निवडली, ‘प्लॅनेटीस’, २००३-०४ सालची, २६ भागांची. गोष्ट २०७५ मधली, आणि नायक काय करतो? अवकाशातला कचरा गोळा करतो. जुन्या उपग्रहांचे तुकडे, स्क्रू, पत्रे. सुरुवातीलाच एक सुटा स्क्रू प्रवासी यानाची खिडकी फोडतो. अतिशयोक्ती नाही हो. त्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं फिरतात. नासाच्या डोनाल्ड केसलरनी १९७८ सालीच इशारा दिला होता की टकरीतून तुकडे, तुकड्यांतून आणखी टकरी, असं चक्र सुरू होईल. २००९ साली इरिडियमचा उपग्रह आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस खरोखरच एकमेकांवर आदळले. पण मला आवडली ती त्यातली कंपनी. कचरा विभागाला बजेट अर्धं, माणसं अर्धी, आणि बाकीचे विभाग हसतात. ज्यानं ज्यानं मेंटेनन्समध्ये नोकरी केलीय त्याला हे सांगायला नको. असिस्टंट मॅनेजरचं नाव तर चक्क अरविंद! कन्येला मात्र पहिले काही भाग संथ वाटले.

दुसरी तिनं निवडली, ‘फ्रीरेन’. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, पहिल्या पर्वाचे २८ भाग. राक्षसांच्या राजाला मारून चौघं परत येतात, इथून गोष्ट सुरू होते. म्हणजे जिथे आपला सिनेमा संपतो तिथून. चौघांतली फ्रीरेन हजार वर्षांहून अधिक जगलेली. बाकीच्यांबरोबर काढलेली दहा वर्षं तिच्या आयुष्याचा शंभरावा भागसुद्धा नाही. पन्नास वर्षांनी ती परत भेटायला येते तर त्यांचा नायक हिमेल म्हातारा झालेला, आणि थोड्याच दिवसांत जातो. त्याच्या अंत्यविधीत ती रडते, की माणसाचं आयुष्य छोटं असतं हे माहीत असून मी याला समजून का घेतलं नाही. पुढे पडद्यावर तारीख येते ती ‘हिमेल गेल्यानंतर इतकी वर्षं’ अशी.

आता यात आमच्या मातोश्री कुठून आल्या ते सांगतो. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही बघतो मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल्स (इंग्रजी डब लावलं की कन्या उठून जाते, “आवाज खोटा वाटतो बाबा”). आईला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण ती पळायला लागली की चष्मा पुरत नाही. पहिल्या भागात ती नातीला विचारत राहिली, “काय म्हणाली गं ती?” आणि आमची कन्या, जी घरी मराठी प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर देते, ती आजीला मराठीत सांगायला लागली. मोडकंतोडकं. “आजी, ती एल्फ आहे. म्हणजे ती मरत नाही... खूप वेळ.”

“म्हणजे चिरंजीव. अश्वत्थाम्यासारखी.”

“हू?”

मग मालिका थांबवून अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा. कन्या म्हणाली की ही गोष्ट फ्रीरेनपेक्षा डार्क आहे. तारखांचं आईला काहीच नवल वाटलं नाही. ‘तुझे आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी’ हीच तिची कालगणना! मी आपला हिशोब करत बसलो होतो. आई ७६ वर्षांची. तिचा शंभरावा भाग म्हणजे नऊ महिने. व्हिसाचे सहा महिने त्यातही बसतात.

तिसरी मालिका तिघांनी मिळून बघितली, आणि तीच माझ्या मते सर्वांत सरस. ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’, २०१६ आणि २०१७ अशी दोन पर्वं. राकुगो म्हणजे जपानी एकपात्री कथाकथन. उशीवर गुडघे मोडून बसलेला एक माणूस, हातात पंखा आणि एक कापडी रुमाल, बस्स. त्या पंख्याचीच काठी होते, त्याचाच पेला. मान डावीकडे वळली की नोकर, उजवीकडे वळली की मालक. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे, तीच जादू, पण जागेवरून न उठता. आई म्हणाली, “हे कीर्तनकाराला जमलं असतं, पण पाय आखडले असते.”

मालिकेत म्हातारा उस्ताद याकुमो शिष्य करत नाही. ही कला आपल्याबरोबरच संपावी असं त्याला वाटतं. मग तुरुंगातून सुटलेला एक दांडगट पोरगा येऊन पाय धरतो, मला शिकवाच म्हणून. अख्ख्या कथा कॅमेऱ्यासमोर सादर होतात, पाच-सात मिनिटं नुसता एक माणूस बोलतोय. कोट्या सबटायटलमध्ये मरतात, तरी कन्या हसत होती. (पालकांसाठी सूचना: यात मृत्यू, आत्महत्या, बदनाम वस्त्या सगळं आहे. मोठ्या मुलांनाच दाखवा, आणि बरोबर बसा.)

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्या मंडळाची गेली मीटिंग. यंदा गणपतीत मुलांचं नाटक इंग्रजीत बसवावं, मुलांना मराठी कळत नाही, असा प्रस्ताव आला. मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तालमीला मुलं येत नाहीत हेही खरं. पण मंडळी, जपानीचा एक शब्द न शिकवलेली ही पोरं मूळ आवाजाचा हट्ट धरून अठ्ठावीस-अठ्ठावीस भाग बघतात! मला वाटतं ती परक्या भाषेला कंटाळत नाहीत, पुचाट गोष्टीला कंटाळतात. दरवर्षी तेच ‘झाडे लावा’ आणि तोच ढोबळ विनोद दिला तर ती जपानीतही पळून जातील.

तेव्हा माझा प्रतिप्रस्ताव असा. नाटक मराठीतच, पण दमदार गोष्टीचं, आणि वर पडद्यावर इंग्रजी सबटायटल्स. ती मुलांनीच लिहायची. कन्येनं नमुना म्हणून आजीच्या अश्वत्थाम्याचा पहिला प्रवेश लिहायला घेतलाय आणि ‘भळभळती’पाशी अडकलीय. रोज साताऱ्याला फोन चालू आहे. पुढच्या मीटिंगला प्रोजेक्टर मी आणतो. पडदा कुणाकडे आहे तेवढं कळवा.