पगारी सेनापती आणि व्यापारी राज्यकर्ते

एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या सर्वात शिस्तबद्ध पलटणी पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हाती होत्या. त्याच्या आधीच्या द बॉयन्यने महादजींसाठी कवायती फौज उभारली आणि अमाप संपत्ती घेऊन तो युरोपात परतला. नशीब काढायला आलेल्या या माणसांची निष्ठा पगाराशी होती.

1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा शिंद्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडण्यासाठी जाहीरनामा काढला. अनेक जण निघून गेले. सप्टेंबरमध्ये पेराँनेही कंपनीचा आश्रय घेतला. असईच्या लढाईत मात्र तोफांवरचे देशी गोलंदाज जागा न सोडता लढले. त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत नाहीत, ही खंत वाटलीच पाहिजे.

आणि कंपनी तरी काय होती? भागधारकांचा नफा पाहणारी, स्वतःची फौज बाळगणारी व्यापारी पेढी! भाडोत्री साहसाचे सर्वात मोठे रूप तेच.

कोकणातल्या रोह्याजवळच्या खांबसारख्या गावांपासून हा इतिहास दूर नाही. शेजारच्या कुलाब्याची गादी बाबूराव आंग्रे यांनी शिंद्यांच्याच पाठबळावर मिळवली होती. पुढे 1822च्या तहाने आंग्रे कंपनीचे मांडलिक झाले. 1838मध्ये गादीवरचे रघुजी आंग्रे वारले, त्यांचा तान्हा मुलगाही लवकरच गेला. दत्तक नाकारून कंपनीने 1840मध्ये संस्थान खालसा केले. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने जिला दर्यावर जेरीस आणले होते, तिने हा मुलूख एकही तोफ न डागता घेतला.