मीटिंगनंतरची मिसळ

परवा हापिसात जेवताना शेजारच्या टीममधल्या एकाने विचारलं, "तू अजून त्या क्लबात जातोस? तिथे करता काय रे तुम्ही? खाता, पिता, फोटो काढता, एवढंच ना?" मी नेहमीप्रमाणे हसून विषय बदलला. पण दिवसभर डोक्यात तेच. कारण दोन-अडीच वर्षांपूर्वी माझं मतही अगदी हेच होतं. नुसतं मत असतं तर ठीक, मी त्या मताची अंमलबजावणी केली होती. आज विकांताला निवांत आहे, तर तो किस्सा लिहूनच टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी रोटरॅक्टमध्ये आहे. रोटरी म्हणजे ते कोटवाले, बॅज लावणारे काका-काकू; रोटरॅक्ट हे त्यांचं धाकटं भावंड. पहिला रोटरॅक्ट क्लब १९६८ साली अमेरिकेत शार्लट गावी निघाला. वय अठराच्या पुढे हवं. पूर्वी तिशीला नारळ द्यायचे, ती अट २०२० पासून गेली. (माझ्यासारख्या तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसांची सोय झाली.) आमचा क्लब पुण्यात, सिंहगड रोडच्या बाजूचा. महिन्यातून दोन रविवारी मीटिंग.

मीटिंगचं स्वरूप असं. अध्यक्ष गळ्यात कॉलर घालून घंटा वाजवतात, मग फोर-वे टेस्ट म्हणायची, मग वाढदिवस, मग दंड. हो, दंड. सार्जंट नावाचा एक पदाधिकारी असतो, तो काहीही कारण काढून दंड करतो. उशिरा आलास, दहा रुपये. नवीन फोन घेतलास, पन्नास. लग्न ठरलं आणि क्लबाला आधी सांगितलं नाही, शंभर. हे सगळं झाल्यावर कामाचं बोलणं, आणि त्यानंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ. मिसळीला किती वेळ लागावा? आमच्याकडे तास-दीड तास. कुणाच्या दुकानाचं भाडं वाढलं, कुणाच्या आर्टिकलशिपमधला बॉस कसा छळतो, कुणाचा भाऊ दहावीला आहे...

माझ्यातल्या इंजिनियरला हे सहन होईना. एकदा मी चक्क मोबाइलवर वेळ लावून मोजलं. दोन तास चाळीस मिनिटांत कामाचं बोलणं पंचवीस मिनिटं! हापिसात असा स्टँडअप झाला असता तर मॅनेजरने आम्हाला उभं सोललं असतं.

२०२३ च्या जुलैत मी सचिव झालो (रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं) आणि लगेच सुधारणा सुरू केल्या. महिन्याला एकच मीटिंग, तीही ऑनलाइन, अर्धा तास, अजेंडा आधी पाठवलेला. प्रत्येक उपक्रमासाठी गूगल फॉर्म: उपलब्ध / उपलब्ध नाही / कारण. सगळ्यांची नावं एका शीटमध्ये, हिरवं-पिवळं-लाल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'फक्त कामाचे मेसेज' असा नियम. दंड बंद, वाढदिवस बंद. मिसळ ज्याची त्याने आपापली खावी.

आणि खरं सांगतो, सुरुवातीला झकास चाललं. वह्यावाटप झालं, टेकडीवर झाडं लावून झाली, दिवाळीत फराळ पोचवला. शीट हिरवीगार. रोटरीच्या एका काकांनी पाठ थोपटली, "तुम्ही आयटीवाले म्हणजे सिस्टिम लावता बुवा!" मी फुगलो.

आता जरा रक्ताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या क्लबाचं मुख्य काम म्हणजे मे महिन्यातलं रक्तदान शिबिर. मेच का? आपल्याकडे शिबिरं ठरावीक दिवशीच होतात. १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, स्वातंत्र्यदिन, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. (वाढदिवसाला हेल्मेट किंवा डबा भेट, हे वेगळं.) पण रक्त साठवून साठवणार किती? लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. म्हणजे ऑक्टोबरातला महापूर मेमधल्या दुष्काळाला कामाचा नाही. मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला, उरलेले उन्हाने बेजार. आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांच्या शरीराला उन्हाळ्याची सुट्टी माहीत नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर मागणी सपाट आणि पुरवठा नुसता उड्या मारणारा. म्हणून कुणीतरी कंटाळवाण्या महिन्यात, फोटोला पाहुणा नसताना, शिबिर भरवणं गरजेचं असतं. आमच्या आधीच्या मंडळींनी हे ओळखून मे धरला होता, याचं मला आजही कौतुक वाटतं.

२०२३ च्या मेमध्ये (माझ्या सुधारणांच्या आधी) ७१ पिशव्या जमल्या होत्या. २०२४ साठी मी फॉर्म पाठवला, तीन रिमाइंडर टाकले, पोस्टर केलं. ६४ नोंदण्या आल्या. शीट हिरवी.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये रक्तपेढीची माणसं वेळेवर हजर. डॉक्टर, दोन टेक्निशियन, समुपदेशक ताई, पाच खाटा, शीतपेट्या. आमच्याकडून स्वयंसेवक यायचे होते चौदा, आले पाच. दुपारी दोनपर्यंत रक्तदाते २६. त्यातले काही हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत, एकीचं वजन पंचेचाळीसच्या खाली, एकाने दोनच महिन्यांपूर्वी रक्त दिलेलं (पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर लागतं, बायकांना चार). शेवटी पिशव्या भरल्या १९. केळी आणि बिस्किटं मात्र शंभर जणांची.

टेक्निशियनदादा सामान आवरताना म्हणाले, "असू द्या सर, मेमध्ये एवढंच होतं." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण गेल्या वर्षी याच हॉलमध्ये, याच खाटांवर ७१ झाल्या होत्या आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी सबबी शोधल्या. १३ मेला पुण्यात लोकसभेचं मतदान झालं होतं, लोक कंटाळले असतील. ऊन फार होतं. पोस्टर उशिरा गेलं. सगळं थोडंथोडं खरं. पण चैन पडेना म्हणून मी एकेकाला फोन लावायला बसलो.

पहिला फोन आमच्या मेडिकलवाल्याला. हा पठ्ठ्या दरवर्षी एकटा दहा-बारा जणांना घेऊन यायचा: शेजारचा पानवाला, दोन रिक्षावाले, वरच्या जिममधली पोरं. या वर्षी स्वतःसुद्धा आला नव्हता. म्हणाला, "अरे, तू फॉर्म पाठवलास ना. मला वाटलं, आता तुमचं फॉर्मवर भागतंय." बोलण्यात राग नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं होतं. पूर्वी मिसळ खाताना कुणीतरी म्हणायचं, "तुझे रिक्षावाले येणार ना रे?" आणि तो "आणतो की" म्हणायचा. तेवढंच त्याचं रजिस्ट्रेशन. माझ्या फॉर्ममध्ये त्याच्या रिक्षावाल्यांसाठी रकानाच नव्हता.

दुसरा फोन आमच्यातल्या एका सीए करणाऱ्या मुलीला. तिने सलग तीन फॉर्ममध्ये 'उपलब्ध नाही' भरलं होतं, कारण: 'पर्सनल'. शीटमध्ये ती लाल झाली होती, आणि मी तिचं नाव निष्क्रिय सभासदांच्या यादीत टाकलं होतं. फोनवर कळलं, तिचे वडील फेब्रुवारीपासून हॉस्पिटलच्या वाऱ्या करत होते. एका ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या होत्या, आणि ती दिवसभर ओळखीपाळखीत फोन करत फिरली होती.

"अगं मग ग्रुपवर टाकायचं ना!"

"दादा, तिथे फक्त कामाचे मेसेज टाकायचे होते."

यावर मी काय बोलणार होतो? शहरभर 'रक्तदान श्रेष्ठदान' अशी पोस्टरं लावणाऱ्या क्लबातल्या मुलीला दोन पिशव्यांसाठी दारोदार फिरावं लागलं, आणि सचिवाच्या शीटमध्ये ती लाल रंगाची एक ओळ होती. मिसळीच्या टेबलावर हे पहिल्याच रविवारी कळलं असतं. तिने सांगितलं नसतं तरी चेहऱ्यावरून कळलं असतं. तिचे वडील आता बरे आहेत. पण त्याचं श्रेय आमच्यापैकी कुणालाच नाही.

त्यानंतर मी रोटरीचा इतिहास जरा वाचला. हे खरं तर सचिव व्हायच्या आधी वाचायला हवं होतं. पॉल हॅरिस नावाचा शिकागोतला वकील, शहरात ओळखी पुष्कळ पण मित्र नाहीत. त्याने २३ फेब्रुवारी १९०५ ला एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-इंजिनियर आणि एक शिंपी अशा तिघांना घेऊन पहिली बैठक भरवली. समाजसेवेचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं, म्हणून नाव रोटरी. सार्वजनिक शौचालयासाठी खटपट हे त्यांचं पहिलं मोठं सामाजिक काम, आणि ते १९०७ च्या सुमाराचं. म्हणजे आधी दोन वर्षं नुसत्या गप्पा! माझ्या हिशोबात दोन वर्षं शुद्ध वाया.

सुरुवातीचा त्यांचा आणखी एक नियम मला फार आवडला: एका धंद्यातला एकच सभासद. हेतू अर्थात धंद्याचा होता, आपापसात स्पर्धा नको. पण बघा, माझ्या रोजच्या आयुष्यात कोण असतं? हिंजवडीच्या बसमध्ये इंजिनियर, कँटीनमध्ये इंजिनियर, फ्लॅटमध्ये इंजिनियर, लग्नाला जावं तर नवरा-नवरी दोघंही इंजिनियर. क्लबात मात्र मंडपवाल्याचा मुलगा आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, मेडिकलवाला आहे. हॉल फुकट मिळतो तो मंडपवाल्याच्या एका फोनवर. या माणसांची आणि माझी गाठ पडायला मिसळीखेरीज दुसरं निमित्त काय होतं?

कंपनीच्या सीएसआर दिवसाशी तुलना करा म्हणजे कळेल. मीही गेलोय. टी-शर्ट, बस, फूड पॅकेट, शंभर माणसं, एक भिंत रंगवायची. वाईट काही नाही, भिंत रंगते. पण पुढच्या वर्षी त्या भिंतीचं काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि शेजारी ब्रश धरून उभा असलेल्या माणसाचं नाव संध्याकाळपर्यंत विसरतं.

आता दुसरी बाजू. सेवा-क्लबांवर लोक हसतात ते उगाच नाही. पाच हजारांची मदत आणि आठ हजारांचा बॅनर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शाल-श्रीफळाचे कार्यक्रम इतके लांबतात की ज्यांना मदत द्यायची ती मुलं खुर्चीत झोपतात. काही क्लब नुसते जेवणावळीचे झालेत, तिथे सेवा म्हणजे दोन जेवणांमधला फोटो. शिवाय वर्गणी भरू शकणाराच सभासद होतो, म्हणजे माझ्या मेडिकलवाल्याचे रिक्षावाले रक्त देतात पण टेबलावर बसत नाहीत. हे मला खटकतं आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण उपाय म्हणून गप्पाच काढून टाकणं, हे मी करून बसलोय. बॅनर काढायचा होता, मी मिसळ काढली.

पुढच्या जुलैत माझं सचिवपद संपलं. शेवटच्या मीटिंगला, प्रत्यक्ष भेटून घेतलेल्या, मी झाला प्रकार सगळ्यांसमोर सांगितला. सार्जंटने (मीच बंद केलेलं पद, त्या दिवशी आपोआप परत सुरू झालं) मला पाचशेचा दंड केला. कारण लिहिलं: 'मिसळबंदी'. महिन्याला दोन मीटिंगा परत सुरू झाल्या. फॉर्म आणि शीट ठेवलेत, ते कामाचेच आहेत. कुठल्या खाटेला कधी कोण, हे शीटवरच कळतं. पण 'उपलब्ध नाही' असं दोनदा आलं की आता फोन जातो, आणि तो फोन करायचं काम माझ्याकडे आहे.

२०२५ च्या मेमध्ये ५८ पिशव्या झाल्या. ७१ ला अजून पोचलो नाही. रिक्षावाले चार आले, त्यातल्या एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं. तो चिडून म्हणाला, पुढच्या वेळी गूळ-शेंगदाणे खाऊन येतो. सीएवाली नोंदणीच्या टेबलावर बसली होती आणि तिचे वडील रक्तदात्यांना केळी वाटत होते, कुणी सांगितलं नसताना.

असो. उद्या दुसरा रविवार, मीटिंग आहे. मी गेल्या वेळी वीस मिनिटं उशिरा पोचलो होतो, त्यामुळे मिसळीचं बिल माझ्याकडे आहे.