अंधाराचा अभ्यासक्रम

२८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांतील वीज काही सेकंदांच्या आत नाहीशी झाली. आगगाड्या रुळांवरच थांबल्या, रस्त्यांवरील सिग्नल विझले, दूरध्वनी मुके झाले; आणि एरवी खिशातील यंत्रावर जगाची वार्ता वाचणारी माणसे बॅटरीवर चालणाऱ्या एखाद्या रेडिओभोवती घोळका करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी दिवे लागले. आपल्याला या प्रसंगाचे नवल वाटण्याचे कारण नाही. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची वीज गेली, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्यात ओढला जाऊन ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेविना राहिला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईच्या लोकल गाड्याही अशाच थबकल्या. प्रत्येक वेळी वीज परत आली आणि प्रत्येक वेळी आपण सारे विसरून गेलो.

पण ती परत आलीच नाही तर? एका प्रांतात नव्हे, साऱ्या जगात एकाच वेळी गेली तर? हा प्रश्न केवळ कादंबरीकारांचा नाही. सप्टेंबर १८५९ मधील सौरवादळाने युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत केली होती. १३ मार्च १९८९ रोजी तशाच, परंतु सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे सुमारे ६० लाख रहिवासी नऊ तास अंधारात राहिले. साऱ्या जगाची वीज एका क्षणी जाण्याची शक्यता फार थोडी आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. तरीही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण अशा दिवशी सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तग धरील काय, याचे उत्तर त्या मुलापेक्षा त्याला शिकविणाऱ्या आपणा सर्वांविषयीच अधिक सांगून जाते.

अशा संकटाचे जे चित्र तरुण मनाला भुरळ घालते त्यात एकटा वीर असतो. कमरेला सुरा, पाठीवर पोतडी, आणि शहराकडे पाठ फिरवून तो रानात निघालेला. हे चित्र जितके आकर्षक तितकेच खोटे आहे. आपली राने लाखो भुकेल्यांना पोसू शकत नाहीत. खरे संकट रानात नव्हे, घरातच उभे राहते, आणि तेही अगदी सामान्य रूपाने. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत एखाद्या दिवसाचे पाणी असते; ते संपले की पंप चालत नाही आणि नळ कोरडा पडतो. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, म्हणून टँकरची आशा फार काळ धरता येत नाही. डब्यात गहू आहेत, पण गिरणी बंद, म्हणजे पीठ नाही. गॅसचे सिलिंडर महिनाभर पुरेल. पुढे काय, हे कोणी शिकविलेले नाही.

जो मुलगा तरेल तो पहिल्या तासात मोबाईलकडे पाहत बसणार नाही. टाकीत पाणी आहे तोवर घरातील हंडे, कळश्या, बादल्या तो भरून ठेवील. जवळची विहीर कोठे आहे आणि तिच्यावर रहाट आहे काय, याची त्याला माहिती असेल. गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळता येते, फडक्यातून गाळून उकळता येते, आणि जळण नसेल तर स्वच्छ, पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवले असता त्यातील बहुतेक रोगजंतू मरतात, हे त्याने नुसते वाचलेले नसेल तर करून पाहिलेले असेल. ज्वारी दळता आली नाही तरी भिजवून शिजविता येते, भरडून तिच्या कण्या करता येतात, हे त्याला ठाऊक असेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण, हेही त्याला ठाऊक असेल.

सर्वांत मोठा शत्रू भूक नसून दूषित पाणी आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला आणि हजारो जीव वाचले. एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. इतके पाठ असलेला विद्यार्थी अशा दिवशी एखाद्या पदवीधराहून अधिक मोलाचा ठरेल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडून याहून अधिक अपेक्षा आहे. वीज 'जाते' म्हणजे निसर्गाचा नियम बदलत नाही. तिचे उत्पादन व वहन करणारे जाळे कोसळते. सायकलचा डायनॅमो तेव्हाही दिवा लावील. सूर्याकडे तोंड केलेले पटल तेव्हाही वीज देईल. मात्र छपरावर सौरपटले असलेली अनेक घरेदेखील अंधारात बुडतील. कारण तेथील यंत्रणा बाहेरचा पुरवठा थांबताच, तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी, आपणहून बंद होते. बंद पडलेले औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करण्यासही आधी वीज लागते, म्हणून आरंभ बहुधा जलविद्युत् केंद्रापासून करावा लागतो. हे ज्याला समजले तो घाबरणार नाही. किंबहुना, दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताखाली उभा राहण्यास तो लायक असेल.

हे सारे कल्पनेचे खेळ वाटत असतील तर ३ जून २०२० नंतरचे कोकण आठवावे. निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे केले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. पंप थांबले, आणि ज्या आडांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांची पुन्हा आठवण झाली. अशा वेळी माणसाला तारतो तो शेजार. कोणाकडे विहीर असते, कोणाकडे जाते, कोणाकडे रॉकेलचा कंदील, तर कोणाकडे फक्त दोन बळकट हात. एकट्याने साठविलेले धान्य लुटले जाण्याची भीती असते. वाटून घेतलेल्या धान्याला साऱ्या आळीचा पहारा असतो.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. विजेपूर्वीचे जग सुखाचे होते, असे म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. ते कोणाला सुखाचे होते? पहाटे उठून जाते ओढणाऱ्या आणि दिवसभर पाणी वाहणाऱ्या बाईला तरी नव्हते. गिरणी आणि नळ यांनी तिच्या पाठीवरचे ओझे उतरविले, म्हणूनच तिची नात शाळेत जाऊ शकली. उद्या वीज नाहीशी झाली तर तिचे ओझे साऱ्या कुटुंबात सारखे वाटले जाणार नाही. ते पुन्हा घरातील मुलीच्या डोक्यावर चढेल आणि सर्वांआधी तिचेच दप्तर खुंटीला लागेल. म्हणून मुलग्याला भाकरी थापता येणे, पाणी शेंदता येणे, आजाऱ्याची शुश्रूषा करता येणे, हा केवळ त्याच्या जगण्याचा प्रश्न नाही. त्याच्या बहिणीच्या शिक्षणाचाही तो प्रश्न आहे.

मग हे शिकवावयाचे कोणी? १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी मांडला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले. विचारांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. परंतु प्रत्यक्षात कार्यानुभवाचा तास हा बहुधा गणिताच्या शिक्षकाने मागून घेण्याचा तास ठरला आणि त्याची वही गुणांपुरती सजली. यात एकट्या शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. पालकाला गुणपत्रिका हवी असते, शाळेला निकाल हवा असतो, आणि चूल पेटविण्यास गुण नसतात.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. वर्षातून एक दिवस शाळेने वीज आपणहून बंद ठेवावी. त्या दिवशी मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली पाणी भरावे, गाळावे, उकळावे. तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवावा. मीठ-साखरेचे पाणी करावे. आणि गावातील वा आळीतील विहिरी, एकटे राहणारे वृद्ध, औषधावर जगणारे रुग्ण यांची यादी स्वतः फिरून तयार करावी. ती यादी शाळेच्या कपाटात कागदावर राहावी. कारण मोबाईलमधील यादी नेमक्या त्याच दिवशी वाचता येणार नाही.

जगाची वीज कदाचित कधीच जाणार नाही. तसे झाले तर या एका दिवसाने आपले काहीच नुकसान झालेले नसेल. उलट पुढच्या वादळात, पुढच्या पुरात तीच मुले कामास येतील. पण दहावीच्या परीक्षेत विजेवर उत्तम निबंध लिहिणारा मुलगा वीज गेल्यावर घोटभर शुद्ध पाणी मिळवू शकत नसेल, तर नापास कोणाला ठरवावयाचे, त्याला की आपल्याला?