माशाच्या पोटात जंत, मेडिकलवाला म्हणतो चिठ्ठी आणा. मग करायचं काय?

नवीन पनवेलमधल्या आमच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी आहे. त्यात 11 गप्पी होते. गेल्या पावसाळ्यात एका मादीच्या शेपटीखाली लाल, सुतासारखे दोन-तीन धागे बाहेर आलेले दिसले. ती खायची, पण पोट खपाटीला गेलेलं. मासे जिथून आणले त्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली पुढे केली. "सगळ्यावर चालतं." ते चाललं नाही. मग मेडिकलमध्ये जाऊन मेट्रोनिडाझोल मागितलं.

"चिठ्ठी आहे? पेशंट कोण?"

मी म्हटलं, गप्पी.

हसू येईल, पण घरी मासे पाळणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. मेडिकलवाल्याने गोळी दिली असती तरी मासा वाचला नसता, कारण मी मागत होते ते औषधच चुकीचं होतं.

पोटात नेमकं काय असतं?

"जंत" म्हणून आपण मोकळे होतो, पण माशांच्या पोटातले परजीवी वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिला प्रकार गोल कृमींचा. गुदद्वारातून लाल धागे लोंबताना दिसले तर तो बहुतेक कॅमॅलेनस असतो. गप्पी, मोलीसारख्या पिल्लं देणाऱ्या माशांत तो जास्त आढळतो. यावर लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल चालतं.

दुसरा प्रकार पट्टकृमींचा, म्हणजे चपट्या, फितीसारख्या जंतांचा. त्यावर प्राझिक्वांटेल.

तिसरा प्रकार हेक्झामिटा आणि स्पायरोन्यूक्लियस या एकपेशीय जिवांचा. हे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांना हे चांगलेच माहीत असतात. मेट्रोनिडाझोल लागतं ते इथे. लाल धाग्यांवर त्याचा काही उपयोग नाही.

पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली की लगेच जंत, असंही नसतं. काही दिवस उपाशी असलेल्या माशाची विष्ठाही तशीच दिसते.

औषध मिळत का नाही?

याची कारणं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत.

एक कारण नियमाचं. मेट्रोनिडाझोल हे औषध नियमांच्या शेड्यूल एच यादीत आहे. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. ते एकपेशीय जिवांसोबत काही जिवाणूंवरही काम करतं, आणि अशी औषधं ऊठसूट वापरली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. किनारपट्टीवरच्या कोळंबी संवर्धनात तर ते बंदी असलेल्या औषधांच्या यादीतच आहे. जगभर वारं याच दिशेचं आहे. कॅनडाने डिसेंबर 2018 पासून जनावरांची महत्त्वाची अँटिबायोटिक्स चिठ्ठीवर आणली. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2023 मध्ये शोभेच्या माशांसारख्या प्राण्यांसाठी मंजुरीविना अँटिबायोटिक्स विकणाऱ्या नऊ कंपन्यांना इशारापत्रं धाडली. केरळने 2024 मध्ये चिठ्ठीविना अँटिबायोटिक विक्रीविरोधात मोहीम उघडली. तेव्हा चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला आपलं काम करत असतो.

दुसरं कारण बाजाराचं. लेव्हामिसोल, प्राझिक्वांटेल ही जंताची औषधं आहेत, अँटिबायोटिक्स नाहीत. ती देशात बनतात आणि विकलीही जातात. पण ती असतात गाय, शेळी, कुत्रा यांच्या मापाची. माशांसाठीचं छोटं पाकीट शोधायला पनवेलहून हार्बर पकडून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जावं लागतं, आणि तिथेही मिळेलच असं नाही.

मग करायचं काय?

आधी निदान. माशाचा जवळून व्हिडिओ काढा आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. माशांवर उपचार करणारे डॉक्टर कमी आहेत, पण ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे पशुवैद्यकाचं नेहमीचं काम आहे. चिठ्ठीही तेच देऊ शकतात. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या मुंबईतल्या दोन जागाही लक्षात ठेवा.

मग पाण्याचं गणित. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या टाकीत 25 सेंटिमीटर पाणी असेल, तर ते होतं 45 लिटर. लेव्हामिसोलचं प्रमाण साधारण लिटरला 2 मिलिग्रॅम सांगितलं जातं, म्हणजे 45 लिटरला 90 मिलिग्रॅम. शेळ्यांचं द्रावण 7.5 टक्क्यांचं असेल तर एका मिलिलिटरमध्ये 75 मिलिग्रॅम औषध असतं. आपल्याला लागतं फक्त 1.2 मिलिलिटर. पाच मिलिलिटरचं टोपण ओतलं तर चौपट मात्रा झाली. म्हणून बाटली हाती आली तरी तिच्यावरची टक्केवारी डॉक्टरांना दाखवा आणि सुई काढलेल्या सिरिंजनेच मोजा.

औषध एकट्या आजारी माशाला देऊन भागत नाही. कॅमॅलेनसची पिल्लं टाकीतल्या पाण्यात असतात, त्यामुळे उपचार सगळ्या टाकीवर करावा लागतो. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. लेव्हामिसोलने जंत मरत नाहीत, लुळे पडतात आणि बाहेर टाकले जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी नळीने तळ ओढून घ्या आणि पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. तो चुकला की जंत परत येतात.

काय करू नका?

मिठाचा उपयोग अंगावरच्या काही परजीवींवर होतो, पोटातल्या जंतांवर नाही. लसणाने हे जंत जातात याला भक्कम पुरावा नाही. कडुनिंबाचा अर्क तर माशांनाच बाधू शकतो. अंदाजाने माणसांच्या गोळ्या कुटून टाकू नका. आणि कंटाळून आजारी मासे वडाळे तलावात किंवा गाढी नदीत सोडू नका. आपल्या टाकीतला रोग आणि परदेशी मासा, दोन्ही तिथे पोचतात.

20 रुपयांच्या माशासाठी एवढं?

हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. फेकून दे, नवे आण. पण जंत टाकीत राहतात. त्याच पाण्यात नवे मासे सोडले की त्यांनाही तेच होणार. म्हणून खर्च खरा वाचतो तो आधीच. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवायचा, आणि कुठून आले ते ठाऊक नसलेले जिवंत ट्यूबिफेक्स खायला घालायचे नाहीत.

आमच्या गप्पीला शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहून लेव्हामिसोल लिहून दिलं. ती मादी वाचली नाही, आणखी तिघंही गेले. सात उरले. निळ्या बाटलीवर मी नऊ दिवस घालवले होते. औषध मिळायला लागला एक दिवस.