सायकलवाल्याला रस्त्यात जागा आहे काय?

पहाटे साडेपाच-सहाला आमच्या वस्तीच्या तोंडाशी जरा उभे राहून पाहावे. रात्रपाळी उरकून वॉचमन परत येत असतो. गवंडी, रंगारी, पेपर टाकणारी पोरे, दूधवाला, सगळे सायकलवर. हँडलला डबा, कॅरियरला थापी-ओळंब्याची पिशवी. नऊ वाजता याच रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते की, शहरात वाहतुकीचा प्रश्न बिकट झाला आहे. पहाटेच्या माणसाचा प्रश्न मात्र कोणाच्याच बातमीत नसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका गवंडीकाम करणाऱ्या बांधवाला चौकात डावीकडे वळणाऱ्या टेम्पोने उडवले. पायाचे हाड मोडले, तीन महिने घरी बसावे लागले. रोजावरचा माणूस, काम नाही तर पैसा नाही. त्याच्या मंडळींनी दोन घरची धुणीभांडी जास्तीची धरली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिथे बसलेले एक शिकलेसवरलेले पाहुणे म्हणाले, "अहो, त्या रस्त्याला सायकलचा ट्रॅक आहे ना? मग हे मोटारींच्या मध्ये कशाला घुसले?"

प्रश्न आम्हालाही लागला. म्हणून रविवारी मंडळाच्या चार मुलांना घेऊन आम्ही तो ट्रॅक पायी चालून पाहिला. सुरुवातीला झकास लाल रंग. पन्नास पावलांवर चार रिक्षा उभ्या. पुढे विजेची डीपी, मग उसाच्या रसाची गाडी, मग कोणाच्या तरी बांधकामाची वाळू. बसथांब्यापाशी ट्रॅक संपला तो संपलाच. चौकात तर त्याचा मागमूसही नाही. आणि धडक बसली ती चौकातच! पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले.

वाचकहो, नुसता रंगाचा पट्टा मारल्याने सायकलवाल्याचे रक्षण होत नाही. पट्टा मोटारीला अडवत नाही. अडवतो तो कठडा. ट्रॅक आणि मोटारींचा रस्ता यांच्यामध्ये सिमेंटचा कठडा, झाडांची ओळ किंवा मजबूत खांब हवेत. एक सायकल दुसरीला ओलांडून जाईल इतकी, म्हणजे निदान दोन मीटर रुंदी हवी. बसथांबा आला तर ट्रॅक थांब्याच्या मागून काढावा. चौकात तो तुटता कामा नये, आणि वळणारी गाडी हळू व्हावी असा कोपरा बांधावा. रसवाला आणि रिक्षावाला हेही पोटासाठीच उभे आहेत. त्यांची जागा रस्ता आखतानाच धरली असती तर ते सायकलवाल्याच्या वाटेत आलेच नसते. गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणारी आखणी काय कामाची?

आम्ही पडलो कारकून. जमाखर्च पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. 2011 च्या जनगणनेत माणसे कामावर कशी जातात, हे विचारले होते. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने जात होते. मोटारीने जाणारे 3 टक्केही नव्हते! याच जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे 45 कुटुंबांत सायकल होती आणि मोटार होती ती जेमतेम पाच कुटुंबांत. आता रस्त्याची खातेवही उघडा. जागा कोणाच्या नावे मांडली आहे? आणि नुकसान कोणाच्या नावे? 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यांत सायकलवरची माणसे साडेचार हजारांहून अधिक होती.

सरकारला हे कळत नाही असे नाही. केंद्राच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच म्हटले आहे की, रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. 2017 मध्ये तेथील महापालिकेने आठशे किलोमीटरहून मोठ्या सायकल जाळ्याचा आराखडा मंजूर केला. पण आराखड्यावरून सायकल चालवता येत नाही. त्याला रस्ताच लागतो.

बांधलेला रस्ताही टिकतोच असे नाही. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा 5.8 किलोमीटरचा मार्ग 2008 मध्ये सुरू झाला. मधोमध बस, बाजूला मोटारी, कडेला सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा. मोटारवाल्यांनी गिल्ला केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तरीही 2016 मध्ये तो मार्ग उखडून टाकला गेला! त्यात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण मोटारवाल्यांचा आवाज पेपरात होता, टीव्हीवर होता. बसमधल्या आणि सायकलवरच्या माणसाचा आवाज कुठेच नव्हता. आमच्या मते धडा हाच आहे.

कोणी म्हणतील, हॉलंडची गोष्ट वेगळी, तिथे लोक मुळातच सायकलवाले. हे अर्धसत्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींचे राज्य आले होते. 1971 साली त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाचीच चळवळ उभी राहिली. 1973 च्या तेलटंचाईची त्यात भर पडली आणि सरकारला वेगळे, सुरक्षित सायकलमार्ग बांधावे लागले. आज तिथल्या एकूण फेऱ्यांपैकी पाव हिश्श्याहून अधिक फेऱ्या सायकलने होतात. लोकांनी मागितले म्हणून ते मिळाले.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमची मुलगी नववीत आहे. शाळा अडीच किलोमीटरवर. तिने सायकल मागितली. सभेत मुलींच्या स्वावलंबनावर बोलणारे आम्ही, पण तो चौक डोळ्यांपुढे आला आणि 'नाही' म्हणालो. ती काही बोलली नाही, पण आमचे आम्हालाच ते लागले. रिक्षाचे महिन्याचे पैसे जातात ते जातातच. तिच्या जाण्यायेण्याची मोकळीकही आम्हीच काढून घेतली. किती घरांत हे होत असेल!

तेव्हा बंधू-भगिनींनो, नुसते हळहळून भागणार नाही. आपल्या भागातला एक रस्ता धरा. सकाळी एक तास उभे राहून सायकली मोजा, त्यांत बायका-मुली किती तेही लिहा. ट्रॅक असेल तर अडथळ्यांची यादी करा, फोटो काढा. मग अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच विसरू नका! उत्तर नाही आले तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात विचारा: या रस्त्यावर सायकल ट्रॅकसाठी किती तरतूद होती, खर्च किती झाला, देखभाल कोणाकडे? तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

आम्ही आमच्या चौकाचा अर्ज दिला आहे. पोच फाईलला लावली आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांत पहिली सही त्या गवंडी बांधवाची आहे. पाय बरा झाल्यावर तो पुन्हा त्याच सायकलवर, त्याच चौकातून कामाला जातो. त्याला दुसरा रस्ता नाही.