वेष्टनाच्या आत



माझी भाची पुण्यात कलेच्या इतिहासात एम.ए. करते आहे. या उन्हाळ्यात तिनं एका हस्तलिखित संग्रहात दोन महिने इंटर्नशिप केली. घरात पहिला प्रश्न आला, "पैसे किती देतात?" आणि दुसरा, "जुनी पानं मोजून पुढे काय?"

पहिला प्रश्न रास्तच आहे. येण्याजाण्याचा खर्चही न देता मुलींना दोन महिने राबवून घेणं मला पटत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपण श्राविकांनीच द्यायला हवं.

ती काय करते? वेष्टन सोडवायचं, पानं मोजायची, चित्र कितव्या पानावर आहे, रंग कुठे उडालाय, कसर कुठे लागलीय ते लिहायचं. हातात फक्त शिसपेन्सिल, शाईचं पेन आत न्यायचं नाही. शेवटी प्रशस्ती वाचायची: पोथी कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली, कशासाठी.

त्या शेवटच्या ओळींत आपल्या बायका सापडतात. मूडबिद्रीच्या धवला ग्रंथाचंच पाहा. तिथल्या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांवरची १२व्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं म्हणजे जैन चित्रकलेचे फार जुने नमुने. धवलेची ती प्रत देमियक्का नावाच्या श्राविकेनं श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनाला शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केली होती. महाबंधाची प्रतही मल्लिकव्वेनं उद्यापनासाठीच लिहवून घेतली. त्याआधी, १०व्या शतकात, अत्तिमब्बेनं पोन्नाच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती करवल्या. छापखाना नव्हता तेव्हा! आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापला, त्याच्या कितीतरी आधी गजपती उपाध्ये मूडबिद्रीत बसून जी नक्कल करत होते, तिला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा हात लागला होता.

(आपण उद्यापनाला काय वाटतो? स्टीलचे डबे.)

कलेच्या इतिहासात चित्र कुठल्या शैलीचं, कुठल्या शतकाचं, हे येतं. ते कुणाच्या पैशानं आणि कुठल्या व्रतासाठी झालं, हे कळायला कुणीतरी शेवटचं पान वाचावं लागतं. उद्यापन म्हणजे काय हे जिला घरातच माहीत आहे, ती ते पान वेगळ्या नजरेनं वाचेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या मंदिरांतली कपाटं ज्येष्ठ शुद्ध पंचमीला उघडतात. नवी वेष्टनं शिवायला आपण, आत काय आहे ते बघायला मात्र पंडितजी! विद्यार्थिनीला आत घ्या म्हटलं की विश्वस्त म्हणतात, पोथी चोरीला जाईल, अविनय होईल. भीती खोटी नाही. पण जिची यादीच नाही ती पोथी गेली तरी कळणार कुणाला? हात धुऊन, कोरडे करून बसावं, सोबत मंदिरातलं कुणीतरी असावं, फोटो आणि यादीची एक प्रत मंदिरात राहावी, एवढ्या अटी पुरेत. अडचणीच्या दिवसांत माझी भाची संगणकावर नोंदी चढवते. तोही प्रश्न सुटतो.

आमच्या मंडळातल्या पाचजणींनी पुढच्या श्रुतपंचमीला एका मुलीचा दोन महिन्यांचा प्रवासखर्च आणि जेवण उचलायचं ठरवलंय. विश्वस्तांशी बोलायचं अजून बाकी आहे.